सदाफुली: सातारा-सांगलीच्या मातीत बुटका, गोल घुमटाचा ताटवा कसा वाढवायचा

कंपाउंडच्या भिंतीला पडलेल्या भेगेत, गटाराच्या कडेला, पडक्या वाड्याच्या जोत्यात सदाफुली आपोआप उगवते आणि एप्रिलच्या उन्हातही फुलत राहते. त्यामुळे ‘तिला काय करायचं असतं, लावली की येते’ असंच सगळे म्हणतात. मग नर्सरीतून आणलेली, छान गोल घुमट धरलेली बुटकी सदाफुली जुलैमध्ये, दोन-तीन दिवसांची झड लागून गेली की काळी पडून का बसते?

भिंतीच्या भेगेत पाणी थांबत नाही, आपल्या अंगणातल्या काळ्या मातीत थांबतं. सगळा फरक एवढाच आहे. शेतकऱ्याच्या शब्दात सांगायचं तर सदाफुलीला कायम वापसा लागतो. ज्यांनी हा शब्द फक्त ऐकला आहे त्यांनी मूठभर माती हातात घेऊन वळून बघावी. गोळा झाला, पण बोटाने ढकलल्यावर फुटला आणि तळहाताला माती चिकटून राहिली नाही, तर तो वापसा. गोळा फुटत नाही, उलट बोटाचा ठसा उमटतो, तर माती अजून ओली आहे. या लेखातली बहुतेक कामं मुळांभोवती हा वापसा बाराही महिने टिकवण्यासाठी आहेत.

आधी रोप कोणतं ते ठरवा

गावठी सदाफुली गुलाबी-जांभळी किंवा पांढरी असते, दोन ते तीन फूट वाढते आणि दुसऱ्या वर्षी खालून उघडी पडते. ती काटक आहे, पण तिचा आपोआप घुमट होत नाही, खुडून करावा लागतो. नर्सरीत ‘विंका’ म्हणून मिळते ती बुटकी, सुधारित सदाफुली. हे नाव जुनं आहे. लिनीअसने १७५९ साली या झाडाला व्हिंका म्हटलं होतं, पुढे शास्त्रीय नाव कॅथरँथस झालं, पण नर्सरीवाल्यांच्या तोंडी विंकाच राहिलं. मूळ मादागास्करचं झाड, त्यामुळे ऊन त्याला चालतं आणि थंडी सोसत नाही.

बुटक्या जातींत पॅसिफिका आणि कूलर या मालिका १० ते १४ इंच उंचीचा घट्ट घुमट धरतात. मेडिटेरेनियन मालिका अर्ध्या फुटाच्या आतच राहते आणि दोन फुटांपर्यंत पसरते, ती टांगत्या कुंडीला किंवा वाफ्याच्या काठाला शोभते. कोरा मालिका थोडी उंच, १४ ते १६ इंचांपर्यंत जाते, पण पावसाळ्यात शेंडे मारणाऱ्या बुरशीपुढे ती इतरांपेक्षा जास्त टिकते. सातारा शहर, कराड, वाई अशा चांगल्या पावसाच्या भागात नवख्या माणसाने बी शोधायचंच असेल तर आधी कोराचं शोधावं. माण, खटाव, जत, आटपाडीकडे कोणतीही चालेल.

रोप विकत घेताना फुलं बघू नका, बुंधा बघा. मातीला टेकलेला बुंध्याचा भाग हिरवा किंवा तपकिरी आणि टणक असावा. तिथे काळपट, ओलसर पट्टा दिसला तर ते रोप वर कितीही फुललेलं असलं तरी सोडून द्या. पिशवी हलकेच दाबून रोप थोडं वर उचलून मिळालं तर पांढरी मुळी दिसते का तेही बघा. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पांढरी मुळी चालू असेल तर झाड जोमात आहे, तपकिरी, लिबलिबीत मुळी असेल तर ते आतून गेलेलं आहे.

जागा आणि खड्ड्याची परीक्षा

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. आंब्या-नारळाखाली सदाफुली जगते, पण लांबलचक होते, घुमट धरत नाही. घराच्या कडेला लावायची असेल तर पागोळीची रेघ सोडून लावा. पत्र्यावरचं सगळं पाणी त्याच एका ओळीत पडतं. तिथे खड्डा पडतो आणि चिखल उडून पानांवर बसतो. पागोळीपासून दीड फूट आत किंवा बाहेर सरका.

जागा ठरली की एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा आणि पाण्याने भरा. ते पाणी पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि काठी उभी करून पातळीची खूण करा. एका तासात पातळी एक इंच किंवा जास्त उतरली तर सरळ जमिनीत लावता येईल. अर्ध्या इंचाच्या आत उतरली तर गादीवाफ्याशिवाय, म्हणजे उंच उचललेल्या वाफ्याशिवाय, गत्यंतर नाही.

दुसऱ्यांदा भरायला सांगण्यामागे कारण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिलं पाणी त्या भेगांमधून झरकन खाली जातं आणि आपल्याला वाटतं, निचरा उत्तम आहे. पाणी लागलं की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी तसंच उभं राहतं. पावसाळ्यात झाडाला ही मिटलेली माती भेटणार असते, म्हणून दुसऱ्या भरण्याचा आकडा खरा.

आपल्या दोन जिल्ह्यांत एका गावातली गोष्ट दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण किंवा जत तालुक्यात पाचशेच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगराकडे तांबडी, निचऱ्याची माती आहे, पण पाऊसच इतका की निचराही पुरत नाही. तिथे जून ते सप्टेंबर सदाफुली कुंडीत, छपराखाली ठेवायची. दुष्काळी पट्ट्यातली हलकी, मुरमाड जमीन सदाफुलीला फार मानवते, ती मंडळी या बाबतीत भाग्यवान आहेत. सगळ्यात अवघड कृष्णाकाठची खोल काळी रानं. वाळवा, पलूस, मिरज भागात काही जमिनी क्षारपड झालेल्या आहेत, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. तसा थर दिसत असेल तर जमिनीचा नाद सोडून कुंडीतच लावा.

काळ्या मातीवर गादीवाफा

नवखी माणसं इथे हमखास एक चूक करतात. काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळली की निचरा होईल असं वाटतं. होत नाही. थोडीशी बारीक वाळू चिकणमातीत मिसळली की वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. माती बदलायची असेल तर निम्म्याहून जास्त बदलावी लागते, त्यापेक्षा तिच्यावर वाफा उचलणं सोपं आणि स्वस्त पडतं.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्याचा हिशेब असा. भरताना अकरा इंच भरायचा, महिन्याभरात बसून नऊ इंच राहतो. त्यासाठी साधारण ३० घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. त्यात १५ घनफूट तांबडी माती किंवा हलका पोयटा, साडेसात घनफूट चाळलेला मुरूम आणि साडेसात घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. मुरूम चाळताना पिठासारखी धूळ टाकून द्यायची, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. धूळच तेवढी घातली तर निचरा उलट बिघडतो.

साखर कारखान्याच्या मळीचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचं, खत आपल्याकडे सहज मिळतं. पूर्ण कुजलेलं, गार झालेलं, मातीसारखा वास येणारं असेल तर बेलाशक वापरा. ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या मळीने कोवळी मुळी भाजते.

वाफा करण्याआधी खालची काळी माती वापशावर असताना कुदळीने सहा इंच उकरून मोकळी करा. ओली असताना हात लावला तर मोठाली ढेकळं निघतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. वर मिश्रण रचताना मध्यभाग कडांपेक्षा दोन इंच उंच ठेवा, मशागत केलेल्या वरंब्यासारखा. वाफ्याच्या भोवती सहा इंच खोल चर काढा आणि दहा फुटांत दीड-दोन इंच उतार द्या. चराचं तोंड कुठेतरी उघडलं पाहिजे. बंद चर म्हणजे वाफ्याला मारलेला वेढाच, त्यात पाणी साचून खालून ओल चढते.

कुंडीत लावायची असेल तर

एका बुटक्या रोपाला आठ इंची कुंडी पुरते. फार मोठी कुंडी घेऊ नका, मुळं जिथवर पोचलेली नाहीत तिथली माती ओलीच राहते. मिश्रण: दोन भाग तांबडी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. पावसाच्या भागात कोकोपीट अर्ध्यावर आणून त्या जागी अर्धवट जाळलेलं भाताचं तूस घाला. वाई, जावळी, पाटणकडे तूस भातगिरणीवर मिळतं.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या माथ्यावर अडून राहतं. म्हणजे ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक फुटकी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, त्यावर लगेच मिश्रण. कुंडी भरून पाणी घाला. वर उभं राहिलेलं पाणी अर्ध्या-एक मिनिटात आत गेलं पाहिजे आणि खालून वाहायला लागलं पाहिजे. तसं होत नसेल तर रोप लावण्याआधीच मिश्रण बदला, नंतर काहीही करून दुरुस्त होत नाही.

बी पेरणं

आपल्याकडे पेरणीला सगळ्यात चांगला मुहूर्त रथसप्तमीनंतरचा. थंडी ओसरायला लागलेली असते, आणि गुढीपाडव्यापर्यंत सात-आठ आठवड्यांचं लावण्याजोगं रोप तयार होतं. एप्रिल-मे हे दोन कडक उन्हाचे महिने मुळी खोल जायला मिळतात, पावसाआधी झाड सावरतं. दुसरा मोका ऑगस्टअखेरीचा. तेव्हा आडोशाला पेरून परतीचा पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावायचं. जूनमध्ये, ‘पाऊस पडतोय, आता झाडं लावू’ या विचाराने सदाफुली लावू नका. आंबा-फणसाला तो नियम बरोबर आहे, हिला नाही.

बी काळं, मोहरीपेक्षा बारीक आणि लांबट असतं. घरापुरती तीस रोपं हवी असतील तर पन्नास बिया घ्या. प्रोट्रे (छोट्या कप्प्यांचा रोपांचा ट्रे) मिळाला तर उत्तम, नाहीतर तळाला भोकं पाडलेला पसरट डबा चालतो. भिजवून पिळलेलं कोकोपीट भरा. पिळणं म्हणजे मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत इतपत. प्रत्येक कप्प्यात एक बी, तीन-चार मिलिमीटर खोल, आणि वर चाळलेलं गांडूळखत.

आता महत्त्वाची गोष्ट. सदाफुलीच्या बियाला उगवायला अंधार लागतो. बरीचशी बारीक फुलझाडं उजेडात पेरतात, त्या सवयीने हिचं बी उघडं ठेवलं तर उगवण अर्ध्यावर येते. ट्रे गोणपाटाने किंवा काळ्या कागदाने झाका आणि जिथे माती २५ अंशांच्या आसपास राहील अशा ठिकाणी ठेवा. फेब्रुवारीत साताऱ्यात रात्री गारवा असतो, तेव्हा ट्रे स्वयंपाकघरात किंवा फ्रिजवर ठेवला तर फरक पडतो. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी झाकण उचलून बघायचं. बहुतेक बिया सात ते दहा दिवसांत निघतात. निम्म्या उगवल्या की झाकण काढून उजेडात आणायचं, उरलेल्यांची वाट बघत बसायचं नाही. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पांढुरकी आणि लांब होतात, आणि अशी रोपं पुढे घुमट धरत नाहीत.

पाणी वरून झारीने घालू नका. ट्रे परातीत अर्धा इंच पाण्यात दहा मिनिटं ठेवा, वरचा थर ओला दिसला की उचला. रोप मातीजवळ दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडायला लागलं तर ती रोपकोलमड. कारण एकच, जास्त ओल आणि कोंडलेली हवा. पडलेली रोपं उचलून टाका, ट्रे वाऱ्याला ठेवा, आणि लिटरला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं पाणी खालून द्या.

चौथ्या आठवड्यापासून ऊन वाढवत न्या, आधी सकाळचं दोन तास, मग चार. लावण्याआधीचा आठवडा पाणी थोडं ओढून धरा.

लागण

बुटक्या जातींना १० ते १२ इंच अंतर ठेवा. तीन फूट रुंद वाफ्यात तीन ओळी बसतात, दहा फुटांत तीसेक रोपं. गावठीला दीड फूट. दाट लावली की महिनाभर ताटवा भरलेला दिसतो, पण घुमट एकमेकांत घुसले की आतली पानं वाळत नाहीत आणि पावसात रोग तिथूनच सुरू होतो.

ऊन उतरल्यावर लावा. सदाफुलीची मुळं मोडलेली सहन होत नाहीत, म्हणून मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, फोडू नका. हुंडीचा माथा वाफ्याच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर राहिला पाहिजे. मिरची-वांग्याची रोपं आपण थोडी खोल दाबतो, तो हात इथे आवरायचा. बुंधा मातीत गेला की मानेशी ओल राहते आणि महिन्या-दीड महिन्यात तिथून कुजतो. हुंडीभोवतीची माती बाहेरच्या बाजूला उतरती करा, आळं करू नका. आळं म्हणजे पाणी थांबवायची सोय, आणि ते तर आपल्याला नकोच आहे.

लावल्या लावल्या पाणी द्या, चौथ्या दिवशी हलकं आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. त्यानंतर बोट सांगेल तसं.

बुंध्याभोवती तीन इंचाच्या वर्तुळात बारीक मुरमाचा इंचभर थर द्या. ओळींच्या मधल्या जागेत भुईमुगाची टरफलं पसरली तर पावसाचे थेंब मातीवर आपटून शिंतोडे उडत नाहीत. उसाचं पाचट मात्र बुंध्याला लावू नका, ते ओल धरतं आणि वाळवीला बोलावतं.

गावठी सदाफुलीचा घुमट करायचा असेल तर रोप चार-पाच इंचांचं झालं की शेंडा नखाने खुडा. आलेल्या फांद्या पुन्हा चार इंच झाल्या की त्यांचे शेंडे खुडा. दोन खुडण्या पुरतात. बुटक्या जाती आपोआप फुटतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात पहिले तीन आठवडे दोन-तीन दिवसांआड, नंतर जमिनीतल्या झाडाला चार ते सहा दिवसांनी पाणी पुरतं. दोन इंच बोट घाला, टोकाला कोरडं लागलं तरच द्या. ठिबक असेल तर तासाला दोन लिटरचा ड्रीपर बुंध्यापासून चार इंच लांब ठेवा. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या.

मे महिन्यात दुपारी दोनला सदाफुलीची पानं कडांनी आत वळलेली, मलूल दिसतात. लगेच पाइप धरू नका. संध्याकाळी सहाला परत बघा, पानं सपाट झालेली असतील तर झाड ठीक आहे, ते उन्हापासून अंग चोरत होतं. सकाळी सातलाही पानं मलूल आहेत आणि माती कोरडी आहे, तर पाणी द्या. सकाळी पानं मलूल आहेत आणि माती ओली आहे, तर मुळं कुजली आहेत. त्यावर पाणी घालणं म्हणजे झाड संपवणं. पण बहुतेक जण नेमकं तेव्हाच जास्त पाणी घालतात, कारण मलूल झाड तहानलेलंच वाटतं.

खत बेतानं. वाफ्यात कंपोस्ट आहेच. लावल्यावर महिन्याने झाडाला मूठभर गांडूळखत, पुढे दर दोन महिन्यांनी तेवढंच. कुंडीतल्या झाडाला दर पंधरा-वीस दिवसांनी लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, फुलं कमी येतात आणि अशा कोवळ्या फुटीवर बुरशी आधी बसते.

नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. सदाफुलीला साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) मानवतो. आपल्या काळ्या मातीचा साडेसात ते साडेआठ असतो, शिवाय बोअरचं जड पाणी कुंडीतला सामू हळूहळू चढवतं. मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. साधं फेरस सल्फेट अशा मातीत फार काळ टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह लिटरला एक ग्रॅम मिसळून कुंडीला २०० मिली द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जमत असेल तर कुंड्यांपुरतं पावसाचं पाणी पिंपात साठवा. चुलीची राख आणि चुना यातलं काहीही सदाफुलीला घालू नका, दोन्ही सामू वर नेतात.

पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात घुमटाच्या आतल्या पिवळ्या, बारीक, आडव्या फांद्या काढून टाका. बाहेरचा आकार तसाच ठेवून आत वारा खेळला पाहिजे. कुंड्या दोन विटांवर चढवा, खालच्या बशा काढून ठेवा. गच्चीवरच्या कुंड्यांच्या बशा विसरल्या की एका रात्रीत मुळं पाण्यात उभी राहतात. पाऊस चालू असताना खत बंद.

शेंडेमर ओळखायला शिका. सुरुवातीला फांदीवर करडा-हिरवा, उकळत्या पाण्याने पोळल्यासारखा डाग दिसतो. दोन-तीन दिवसांत तो तपकिरी-काळा होतो, त्याच्या वरचा सगळा भाग माना टाकतो आणि खालचा हिरवाच राहतो. हा रोग फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो मातीतून पानावर येतो. डागाच्या दोन इंच खाली, कोरड्या दिवशी कात्रीने कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि तोडलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता जाळा.

औषधाच्या बाबतीत एक नेमकं लक्षात ठेवा. घरात बुरशीनाशक म्हणून असतंच ते कार्बेन्डाझिम या रोगावर चालत नाही. फायटोप्थोरा हा द्राक्षावरच्या डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) गोत्रातला आहे, त्याला डाऊनीचीच औषधं लागू पडतात. तासगाव-पलूसकडे ती घरोघरी असतात. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण लिटरला दोन ग्रॅम, किंवा अर्धा टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), पानांवर आणि बुंध्याशी. उघडीप मिळाली की फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आला तेव्हा सांगलीत कित्येक अंगणं दिवसच्या दिवस पाण्याखाली होती. एवढ्या पाण्यात सदाफुली वाचत नाही. पूरपट्ट्यात राहत असाल तर जुलै लागायच्या आत थोडं बी आणि दोन-तीन कुंड्या वरच्या मजल्यावर ठेवा. पूर ओसरल्यावर वाफ्यावरचा गाळ खरवडून काढल्याशिवाय नवी रोपं लावू नका, तो गाळ वाळला की वाफ्याला झाकण बसल्यासारखं होतं.

बाकीच्या तक्रारी

पानं अचानक लहान-लहान, गुच्छासारखी आली, फुलं हिरवी पडायला लागली तर तो वांग्यावर येणाऱ्या बोकड्याच्या जातीचा रोग. तुडतुडे पसरवतात, औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळा. शेजारी वांग्याचा प्लॉट असेल तर जास्त लक्ष ठेवा.

पानं गुच्छ न होता रिबिनीसारखी पिळली, देठ वाकडेतिकडे झाले, तर आधी आजूबाजूच्या उसात दोन-चार दिवसांत तणनाशक मारलं का ते विचारा. टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्याबरोबर आलं की असं होतं. फटका हलका असेल तर पिळलेला भाग कापल्यावर झाड सावरतं, उपटायची घाई नको.

एका रात्रीत फांद्या बोडक्या झाल्या आणि खाली मिऱ्यांपेक्षा मोठ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर पान उलटून बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी असते, डोक्यामागे निळसर-पांढरे दोन डोळे काढल्यासारखे. कण्हेरीवरची तीच ही. एका झाडावर एक-दोनच असतात, उचलून दूर टाका, फवारणी करायचं काम नाही. पिठ्या ढेकूण आला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, आणि लिटरला पाच मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून आठवड्याच्या अंतराने दोनदा मारा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या खाली गेला की वाढ थांबते, पानं थोडी पिवळी होतात. तो रोग नाही. पाणी कमी करा आणि थांबा.

छाटणी, कलमं, बी

जानेवारीअखेर, थंडी मोडताना, झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटा. खाली हिरवी पानं राहिली पाहिजेत. पार लाकडापर्यंत छाटलेली सदाफुली बऱ्याचदा फुटतच नाही. वाळकी फुलं खुडत बसायची गरज नाही, ती आपोआप गळतात.

दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडी होतो, घुमट मधून उघडतो. त्याआधीच फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरात फूल नसलेल्या शेंड्याची तीन-चार इंचांची काडी पेराखाली कापा. खालची पानं काढा, चीक वाळेपर्यंत तासभर सावलीत ठेवा आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळी सुटते. आवडीचा रंग जसाच्या तसा हवा असेल तर कलमच करा, संकरित पाकिटातल्या झाडाचं बी आईच्या रंगाचं येईलच असं नाही.

झाडाच्या बाबतीत एक सावधगिरी सगळ्यात वरची आहे. मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावणं, फुलं पाण्यात भिजवून ते पाणी पिणं आपल्याकडे सर्रास चालतं. कृपा करून करू नका. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी साखरेवरच्या याच लोकसमजुतीपासून तपासणी सुरू केली होती. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन आणि नंतर व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगाची औषधं हाती आली. ती डॉक्टर मोजून, रक्त तपासत देतात. पानात हे द्रव्य किती आहे ते चावणाऱ्याला कळत नाही. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नका आणि काम झालं की हात धुवा.

बी धरायचं असेल तर पानांच्या बेचक्यात जोडीने येणाऱ्या इंचभर शेंगा शोधा. हिरवी शेंग पिवळसर-तपकिरी झाली की सकाळी दव असतानाच तोडा. उन्हात ती तडकते आणि बी मातीत जातं. कागदी पाकिटात सावलीला आठवडाभर वाळवा, पाकिटावर रंग आणि महिना लिहा, आणि येत्या रथसप्तमीनंतर त्यातलंच पेरा.